लघवी अडली तो हिवाळा

शीर्षक वाचून शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, कागद तसाच माझ्या हातात परत दिला. "दुसरा काही सभ्य शब्द सापडला नाही का?" सापडले होते. मूत्रविकार, पुरुषांचा त्रास, खालचं दुखणं असे बरेच सभ्य शब्द मला त्या वर्षी भेटले आणि त्यांच्या आडोशाने मी दुखणं वाढवत राहिलो. म्हणून नाव तसंच ठेवतो आहे. साठीच्या पुढचा एखादा गृहस्थ ते वाचून नाक मुरडेल आणि मग दार लोटून घेऊन उरलेलं वाचेल. त्याच्यासाठीच हे लिहिलं आहे.

मी डॉक्टर नाही. अकोल्याला सरकारी कचेरीत आयुष्य गेलं. निवृत्त झालो तोवर आमचा मुलगा निखिल हिंजवडीत एका कंपनीत स्थिरावला होता, त्याचं लग्नही झालं होतं. "आता तिकडे एकटे कशाला राहता," म्हणत त्याने आम्हाला पुण्याजवळ पिरंगुटला आणलं. आप्पांच्या बंगल्याचा वरचा मजला आम्ही चौघांनी भाड्याने घेतला. आप्पा पिरंगुटचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. थोडी जमीन कारखान्यांना गेली, थोडी फार्महाऊसवाल्यांना, उरलेल्या तुकड्यात ते भात घ्यायचे. तरुणपणी सायकलला दुधाच्या किटल्या लटकवून रोज घाट ओलांडून पुण्यात दूध घालायचे. तीच काळी सायकल त्यांनी अजून ठेवली होती आणि तिच्यावरूनच फिरायचे.

निखिलने मला गिअरची सायकल भेट दिली तेव्हा आप्पा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्ये गेर कशापायी? तुमाला पाय न्हाईत व्हय?"

तिथून आमची दोस्ती सुरू झाली. शेजारच्या सोसायटीतले निवृत्त शिक्षक कुलकर्णी सर तिसरे. रोज जवळपास एक चक्कर आणि आठवड्यातून एकदोनदा पौडवरून कोळवणपर्यंत, असा आमचा नेम होता. नोकरी गेल्यावर मी नक्की कोण, हा प्रश्न मला छळत असे. सायकलवर बसलो की तो पडत नसे.

कोरडं निघणं

उन्हाळ्यात कुणीही सायकल चालवतं. कसोटी हिवाळ्याची. गुडघे कुरकुरतात, पांघरूण सोडवत नाही आणि दोन आठवडे खंड पडला की दम लागायला लागतो. म्हणून आम्ही हट्टाने जायचो. कुलकर्णी सर निघण्याआधी अंगणात उड्या मारायचे. आप्पा आदल्या दिवशीच गुडघ्यांना तेल चोळून घ्यायचे. मी शैलाच्या डिंकाच्या लाडवावर आणि माकडटोपीवर भिस्त ठेवून होतो.

या सगळ्यात आमचा एक नियम होता, आणि तो आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनाच सुचू शकतो. कोरडं निघायचं. उठल्यावर चहा नाही, पाण्याचा घोटही नाही. कारण सोपं होतं. पौडच्या रस्त्याला त्या काळात भराभर भिंती उठत होत्या. काल जिथे करवंदीची जाळी होती तिथे आज दगडी कंपाउंड, आणि फाटकाशी शिट्टी घेतलेला वॉचमन. म्हातारा सायकलवरून उतरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला रे राहिला, की शिट्टी वाजलीच. पुढे कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या मुली. थांबायचं कुठे? म्हणून थेट कोळवण गाठायचं, टपरीवर चहा मारायचा, मागच्या ओढ्याकाठी मोकळं व्हायचं आणि परतायचं. निघताना आप्पा फाटकातच झडती घेत, "पानी प्यालंय का कुनी? खरं सांगा."

तासाभराच्या वाटेत तीन माणसांना आडोसा का लागतो, असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी तर लागत नव्हता. रात्री उठावं लागायचं, धार बारीक झाली होती, झाल्यासारखं वाटून होत नव्हतं. हे माझं. इतर दोघांचं मला माहीत नव्हतं, कारण आम्ही राजकारणापासून भाताच्या भावापर्यंत सगळं बोलायचो आणि हे सोडायचो. कुणी फार वेळ लावला तर दुसरा म्हणायचा, थंडी आहे. की विषय संपला.

कोळवणचा ओढा

ते साल दोन हजार सहा. भातकापणी होऊन गेली होती, खाचरांत धुकं बसलेलं असायचं. मला सर्दी झाली होती. औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून मी दोन दिवस घेत होतो आणि नाक मोकळं झालं म्हणून खूश होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही कोळवणला निघालो, अर्थात कोरडे.

टपरीवर आल्याचा चहा इतका छान झाला होता की मी एकावर एक असे तीन कप घेतले. मग ओढ्याकाठी गेलो. उभा राहिलो. काही नाही. जोर केला. काही नाही. पलीकडून आप्पांची हाक आली, "काय वो, वढा भरताय का काय?"

मी हसलो आणि परत आलो. पुन्हा गेलो. असं तीनचार वेळा झालं. मग ओटीपोटात जे दुखायला लागलं त्याचं वर्णन मी करत नाही. इतकंच सांगतो की त्या कडाक्यात माझी माकडटोपी घामाने भिजली. सायकलच्या सीटकडे नुसतं बघूनही पोटात कळ यायची.

कुलकर्णी सरांनी पौडकडे निघालेली एक जीप थांबवली. आत पावट्याच्या आणि घेवड्याच्या पाट्या घेतलेल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला कोपरा दिला. सायकल टपावर चढली. दोघं मित्र आपापल्या सायकली टपरीवर टाकून माझ्याबरोबर आत घुसले.

"बाबास्नी काय झालंया?" एका बाईने विचारलं.

"पोटात कळ आलीया," आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"ग्यास आसंल," म्हणत तिने कनवटीची पुरचुंडी सोडून माझ्या हातावर ओवा ठेवला. मी निमूट चघळला. मग तिने पाण्याची बाटली पुढे केली. "वर ह्ये प्या पोटभर." त्या बाटलीकडे मी ज्या नजरेने पाहिलं असेल ती बिचारीला कळली नसेल. एवढी मायेची माणसं आजूबाजूला होती, त्यातली दोन जिवलग होती, आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही तोंडून खरं काय ते निघत नव्हतं.

नळी

पौडहून दोघांनी मला थेट पुण्याला नेलं. तिथल्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, निखिलच्याच वयाचे. त्यांनी ओटीपोटावर हात ठेवला, एक प्रश्न विचारला आणि नळी घालायची तयारी सुरू केली. नळीची भीती वाटते, मलाही वाटली. ती घालताना जळजळतंही. पण त्यानंतर जे होतं त्याला मी सुखच म्हणेन. पिशवी भरत गेली आणि मी लहान मुलासारखा रडलो. नर्सने टॉवेल दिला आणि म्हणाली, "सगळे रडतात, आजोबा. रडा."

श्वास जागेवर आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "डॉक्टर, सायकल चालवता येईल ना?"

ते हसले. मग त्यांनी विचारलं की पाणी किती पिता, आणि मी त्यांना कोरडं निघण्याचा नियम सांगितला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तिघंही?"

"तिघंही."

वयानुसार पुरुषांची एक ग्रंथी सुजते आणि वाट अडवते, एवढं त्यांनी मला सांगितलं. त्यात थंडी, कोरडं राहणं आणि सर्दीच्या गोळ्या. सुजलेली ग्रंथी असलेल्याला त्यातल्या काही गोळ्या पुरत्या अडवून टाकतात. गोळी विकणाऱ्याने मला वय विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून काही सांगितलं नव्हतं. "बाकीच्या दोघांना म्हणावं तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले.

मी निरोप दिला. कुलकर्णी सर गुपचूप जाऊन तपासून आले आणि त्यांना गोळ्या सुरू झाल्या. आप्पा म्हणाले, "मला काय धाड भरलीया!"

वॉर्डात सगळे माझ्याच पंथाचे होते. प्रत्येक खाटेला एकेक पिशवी लटकलेली. सकाळी मावशी येऊन पिशव्या मोजून रिकाम्या करायच्या आणि मोठ्याने निकाल द्यायच्या, "यांची काल चहासारखी होती, आज लिंबू सरबत झाली!" आम्ही सगळे एकमेकांकडे बघून माना डोलवायचो. समोरच्या खाटेवरचे निवृत्त हवालदार सरबत झाल्याच्या दिवशी दाढी करायचे. मला तिथे पहिल्यांदा मोकळं वाटलं, कारण तिथे लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. त्यातला एक आकडा असायला हवा त्याहून बराच जास्त होता. सुजेमुळेही वाढतो, डॉक्टर म्हणाले, पण खात्री करायला तुकडा काढून तपासावा लागेल. आधी सूज उतरू दे. तोवर नळी आणि पिशवी घेऊन घरी जा.

कशाची खात्री, हे कुणीच बोललं नाही. शेवटी मीच म्हणालो, "कॅन्सर आहे का ते बघायचं ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

घर

घरी येताना गाडीत निखिल चिडला. घाबरला की तो चिडतो, माझ्यासारखाच. "किती महिने होत होतं हे? मला एका शब्दाने सांगता आलं नाही, बाबा? आणि या वयात, या थंडीत, उपाशीतापाशी सायकल!"

"तुला काय सांगणार होतो? बापाची धार बारीक झाली म्हणून?"

शैला मागच्या सीटवर होती. इकडे आल्यापासून तिची बोली बदलली आहे, पण संतापली की अकोला बाहेर येतं. "मले तरी सांगाचं होतं! काहून लपवलं? मी काय परकी होती?" आणि ती रडायला लागली. निखिलने गाडी कडेला घेतली.

घरात मला सगळ्यांत जास्त धास्ती होती ती सुनेची. मीनल शहाणी मुलगी, पण सून ती सून. मी पिशवीवर लुंगी ओढून, पाय पोटाशी घेऊन बसायचो. दुसऱ्याच दिवशी ती चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि भाजीत मीठ पडलं का विचारावं इतक्या सहज म्हणाली, "बाबा, पिशवी भरत आली आहे. मी करते रिकामी." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी नको नको म्हणेपर्यंत तिने काम उरकलंही. आत जाऊन हात धुतले आणि बाहेर येऊन विचारलं, "चहात साखर बरोबर आहे ना?" त्या दिवसापासून मी लुंगीखाली पिशवी लपवणं सोडलं.

रात्र मात्र वाईट जायची. कॅन्सर हा शब्द उशाशी येऊन बसायचा. मला मरणाची भीती वाटली, हे सरळ सांगतो. त्याहून जास्त, पलंगावर पडून हळूहळू सरकारी फायलीसारखं बंद होण्याची वाटली. शैला जागीच असायची. ती माझा हात हातात घ्यायची आणि आम्ही दोघंही झोपेचं सोंग करायचो.

पिशवी घेऊन फिरणं

सायकल बंद झाली होती. शैलाने ती निखिलकरवी खाली आप्पांच्या भाताच्या खोलीत कोंडून टाकली आणि किल्ली आप्पांच्या बायकोकडे, म्हणजे आक्कांकडे दिली. "त्या सीटनंच झालं हे सगळं." डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं होतं की सीटचा काही संबंध नाही. तिला पटलं नाही.

पण डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की अंथरूण धरू नका, चालत राहा. हिवाळाभर बसून राहिलात तर पाय जातील. पिशवी घेऊन चालायचं कसं? तर शैलाने बाजाराच्या खाकी पिशवीत आत प्लास्टिक लावलं, तिचे बंद आखूड केले आणि लघवीची पिशवी त्यात बसवली. नळी लेंग्याच्या आतून यायची. वरून कोथिंबिरीची जुडी ठेवायची. कोथिंबिरीची कल्पना तिचीच.

ऊन वर आलं की आम्ही निघायचो. लग्नाला चौतीस-पस्तीस वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं नुसतेच चालायला म्हणून कधी बाहेर पडलो नव्हतो. ती कायम घाईत आणि मी कायम सायकलवर. आता माझी चाल तिच्याहून हळू झाली होती आणि ती मला मागे टाकून पुढे जाऊन थांबायची. खाचरांच्या बांधांवरून, वीटभट्टीच्या बाजूने, हरभऱ्याच्या वाफ्यांकडेने. सायकलवरून जाताना मला हरभरा कधी दिसलाच नव्हता.

एकदा आक्का समोरून आल्या. "भाजी आनली व्हय? बघू काय काय हाय." आणि त्यांनी पिशवीत हात घातलाच. शैलाने झटकन पिशवी मागे घेतली. नळीला ओढ बसली आणि मी "आई गं!" करून तिथेच वाकलो. आक्का घाबरल्या. शैलाने इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांना सगळं सांगून टाकलं, रस्त्यात, एका दमात. आक्कांनी पदर तोंडाला लावला. आधी हळहळ आणि मग त्यांना हसू आवरेना. शैलालाही आवरेना. त्या दोघी बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मी हातात कोथिंबीर घेऊन उभा. मला राग यायला हवा होता, पण बऱ्याच दिवसांनी शैला हसत होती.

तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्ट यायचा होता ते दिवस मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की आम्ही रोज चाललो. रिपोर्टच्या दिवशीही चाललो. संध्याकाळी निखिलचा फोन आला. शैलाने उचलला, नुसतं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने मान हलवली. "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही." मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. पिशवी दोघांच्या मध्ये होती, तिने ती उचलून पलीकडे ठेवली.

सीट

पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चार दिवस लाल, मग गुलाबी, मग सरबत. नळी निघाली आणि मी पहिल्यांदा आपला आपण मोकळा झालो तेव्हा न्हाणीघरातून मोठ्याने ओरडून सगळ्यांना सांगितलं. निखिलने टाळ्या वाजवल्या. नंतर काही आठवडे ताबा नसायचा. खोकलो, हसलो की लेंगा ओला. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ते हळूहळू जातं. तोवर घडी केलेलं फडकं वापरा आणि लाजू नका.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. शैलाने दिली नाही.

आमचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. डॉक्टर हो म्हणतात, मी म्हणालो. डॉक्टरांना घरी तुमच्याशेजारी जागत पडायचं नसतं, ती म्हणाली. मी चालत राहिलो. पाय चांगले झाले, वजन उतरलं, पण पौडच्या रस्त्यावरून कुणी सायकलवाला घंटी वाजवत गेला की माझं चालणं बिघडायचं. शैला ते बघायची. एकदा दिवाळीचा चिवडा परतता परतता ती म्हणाली, "सीट रुंद घ्या. बरोबर पाण्याची बाटली न्या. आणि कुठेही थांबा. वॉचमनने शिट्टी मारली तर मारू दे." उलथनं खाली ठेवून तिने आक्कांकडून किल्ली आणायला मीनलला पाठवलं.

पुन्हा त्या वाटेवर

आधी घराभोवती, मग घोटवड्याच्या फाट्यापर्यंत, मग पौड. डिसेंबर उजाडला तेव्हा पायांना विश्वास आला होता. कोळवण मात्र मी राखून ठेवलं होतं. त्या टपरीचा चहा वर्षभर डोक्यात होता. तिथवर गेलो की आजारपण संपलं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

कुलकर्णी सर मुलीकडे गेले होते. मी आणि आप्पा निघालो. गारठा होता, खाचरांवर धुकं होतं. मी मस्तीत होतो. आप्पा मागे मागे राहत होते. आधी मला गंमत वाटली, म्हटलं पाय कुठे गेले? त्यांनी उलट टोला दिला नाही. पौडच्या पुढे ते एकदा थांबले. मग परत. मग परत.

कोळवण आलंच होतं. टपरीचा धूर दिसत होता. मागे वळून पाहिलं तर आप्पांची सायकल रस्त्यात आडवी पडलेली आणि ते एका फार्महाऊसच्या भिंतीपाशी उभे. एक हात भिंतीवर, मान खाली, कपाळ दगडाला टेकलेलं. वॉचमन शिट्टी वाजवत होता आणि त्यांना ती ऐकू येत नव्हती.

तसं उभं राहणं मी ओळखलं. मी सायकल वळवली.

"आप्पा, किती दिवस झाले?"

"थंडी हाय वो. तुमी व्हा म्होरं. च्या सांगा."

"आप्पा."

त्यांनी विजार सावरली, पण तोंड भिंतीकडेच. "दिवाळीपासनं," ते म्हणाले. "थेंब थेंब. रातीला धा येळा उठतुया. घरात कुनाला म्हाईत न्हाई."

"अहो, माझं एवढं रामायण झालं तुमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर! मला सांगायचं ना!"

"तुमचंच बगितलं म्हनून तर!" ते वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं नव्हे. "ती नळी. ती पिशवी. तुकडा काढत्यात, मग ह्यो रिपोट न् त्यो रिपोट. माज्या भावाचं आसंच निघालं हुतं, पोटातलं. सा म्हयन्यात गेला. म्या न्हाई जायाचा."

मी टपरीच्या धुराकडे एकदा पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणालो, "आज जायचं. आत्ता. नाहीतर मी घरी जाऊन आक्कांना सांगतो."

"तुमी न्हाई सांगनार."

"शैला सांगेल. भर रस्त्यात."

ते त्यांना पटलं. दोघं परत फिरलो, हळूहळू, बराचसा रस्ता सायकली हातात धरून. वाटेत दोनदा थांबलो. पौडला सायकली एका ओळखीच्या दुकानात टाकल्या आणि पुण्याची एसटी धरली.

बाक

दवाखान्यात काउंटरवर कोवळी मुलगी बसली होती. मागच्या बाकांवर मफलर, टोप्या, काठ्या. सगळे म्हातारे, सगळे गप्प, प्रत्येकाची नजर जमिनीकडे. वर्षभरापूर्वी मीही तसाच बसलो होतो.

"काय त्रास होतोय, आजोबा?" मुलीने विचारलं.

मी पुढे झालो. इतकं सगळं होऊनही, त्या पोरीसमोर, मी पुन्हा सभ्य शब्द शोधू लागलो. "यांना जरा ते, म्हणजे, खालच्या बाजूला..."

आप्पांनी मला बाजूला सारलं. दोन्ही तळवे काउंटरवर टेकले आणि बांधावरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "मुतायला हुईना, पोरी. दिवाळीपासनं. लई भ्या वाटतंय."

मुलगी हसली नाही, लाजली नाही. "बसा, बाबा. लगेच सांगते आत," म्हणाली. मागच्या बाकांवर हालचाल झाली. मफलरवाले एक गृहस्थ सरकले, त्यांच्या शेजारचे सरकले, जागा झाली. आम्ही बसलो.

"माझं दसऱ्यापासून," मफलरवाले आप्पांना हळूच म्हणाले. पलीकडचे काठीवाले पुढे वाकून म्हणाले, "माझं तर उन्हाळ्यापासून. घरी कुणाला बोललो नाही." मग तिसऱ्याने तोंड उघडलं. त्यातल्या एकाने मला विचारलं, "तुमचंही तेच का?"

"होतं. मागच्या थंडीत. नळी, पिशवी, ऑपरेशन, सगळं झालं."

"आणि आता?"

"आता काही नाही. आज सकाळी कोळवणच्या अलीकडपर्यंत सायकलने गेलो होतो."

बाकावरची माणसं माझ्या पायांकडे बघायला लागली. आप्पाही बघत होते, रोज बघितलेले पाय पहिल्यांदाच बघावे तसे. त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला आणि विचारलं, "खरं सांगा. लई दुकतं का?"

"जळजळतं," मी म्हणालो. "मग बरं वाटतं. मी बाहेरच आहे."

त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, टोपी नीट केली आणि आत गेले.